मातीच्या पत्रिकेत शिशाचा रकाना हवा: बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव

माहितीसाठी प्रत: आयुक्त, बेळगाव महानगरपालिका, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, कृषी खाते, जिल्हा अन्नसुरक्षा अधिकारी

विषय: बळ्ळारी नाल्याकाठच्या शेतजमिनी, विहिरी व पिकांची जड धातूंसाठी तपासणी करून अहवाल जाहीर करणेबाबत.

महोदय,

मी वडगाव शिवारातला शेतकरी. पावसाळ्यात भात, भात निघालं की जमिनीतल्या ओलीवर मसूर नाहीतर वटाणा, आणि नाल्याकडच्या पट्टीत थोडी भाजी, अशी आमची शेती. माझ्याकडे सरकारने दिलेली मृदा आरोग्य पत्रिका आहे. तिच्यात बारा गोष्टी तपासलेल्या असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, मग जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, आणि शेवटी सामू (पीएच), क्षारता व सेंद्रिय कर्ब. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने ही योजना सुरू केली, ती खत किती घालायचं हे कळावं म्हणून. त्या कामाला ती चांगली आहे. पण शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक, पारा अशा जड धातूंसाठी तिच्यात रकानाच नाही. ज्या शिवारात शहराचं सांडपाणी दर पावसाळ्यात बांध ओलांडून आत येतं, तिथल्या शेतकऱ्याला सगळ्यात आधी हेच आकडे हवेत. ते मिळावेत यासाठी हे पत्र आहे.

बळ्ळारी नाल्याची ओळख आपल्याला करून द्यायला नको. येळ्ळूर-धामण्याच्या बाजूने येऊन वडगाव, शहापूर, जुने बेळगावच्या शिवारांतून तो बसवण कुडची, मुतग्याकडे जातो आणि पुढे मार्कंडेय नदीला मिळतो. मार्कंडेय गोकाककडे घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला. नाल्यात गाळ आणि जलपर्णी साचते, पात्र अरुंद होतं, जुलैच्या पावसात पाणी फुगतं आणि लावलेलं भात आठ-आठ दिवस पाण्याखाली राहतं. दुबार लावणीची वेळ येते, पंचनामे होतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. भात कुजल्याचं नुकसान सगळ्यांना दिसतं. पाणी ओसरल्यावर शेतात जो काळा थर राहतो, त्याची चर्चा मात्र होत नाही.

माझी काळजी त्या थराची आहे. धातू पाण्यात विरघळून वाहतात त्यापेक्षा जास्त गाळाच्या बारीक कणांना चिकटून वाहतात. नाल्यात घरोघरचं सांडपाणी येतं; त्यासोबत गॅरेजचं, बॅटरी दुरुस्तीच्या दुकानांचं, रंगकामाचं, मुलामा देणाऱ्या लहान कारखान्यांचं पाणी कोणत्याही औद्योगिक शहराच्या नाल्यात येऊ शकतं. बेळगाव हे ओतकामाचं आणि यंत्रांच्या सुट्या भागांचं गाव आहे. उद्यमबागेतल्या कामावर इथली हजारो घरं चालतात, आमच्याही भाऊबंदांची चालतात. कारखाने बंद करा असं मी म्हणत नाही. क्रोमियमचा मुलामा देताना, निकेल चढवताना, बॅटरी फोडताना जे पाणी उरतं, ते कुठे जातं याचा हिशेब तेवढा मागतो आहे.

आणि गाळ काढण्याचं काय? दर एक-दोन वर्षांनी नाल्याचा गाळ काढण्याची मागणी आम्हीच करतो. काढलेला गाळ बांधावर टाकला जातो. तो काळा, मऊ, दिसायला कसदार असतो, म्हणून कुणीतरी तो शेतात पसरतो. आमच्यातल्या कित्येकांनी तो खत समजूनच पसरला आहे. इतक्या वर्षांचे धातू ज्या गाळात साठले असण्याची शक्यता सर्वात जास्त, तोच न तपासता शेतात येतो. कपिलेश्वर तलावात गणपती विसर्जनानंतर जो गाळ उरतो, त्यात मूर्तींच्या रंगांचा अंश असतो. त्याचीही विल्हेवाट तपासूनच व्हावी. निदान इतकं आजच ठरवता येईल: गाळाची तपासणी झाल्याशिवाय तो कुणाच्याही पिकाऊ जमिनीवर टाकायचा नाही, असा आदेश काढायला आपल्याला पुढच्या बैठकीची वाट पाहावी लागणार नाही.

जड धातूंचं संकट आम्हा शेतकऱ्यांना चटकन कळत नाही, कारण पिकावर काही दिसत नाही. करपा दिसतो, तुडतुडा दिसतो. कॅडमियम शोषलेलं भात हिरवंगार असतं, लोंबी भरलेली असते, भाताला वास तोच येतो. जंतू उकळल्यावर मरतात, कीटकनाशकाचा अंश काळानुसार विरतो. धातू मरत नाही आणि विरत नाही. शेतात आला की पिढ्यानपिढ्या तिथेच राहतो. माणसाच्या अंगात गेलेलं कॅडमियम मुख्यतः मूत्रपिंडात साठतं आणि निम्मं बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. म्हणून रोजच्या ताटातला अगदी थोडा अंशही मोजावा लागतो. एखाद्या दिवसाच्या जेवणाने कुणाला काही होत नाही. तीस वर्षं त्याच शिवारातलं भात खाणाऱ्याला होऊ शकतं. आणि या शिवारातलं भात तीस वर्षं सलग खाणारी माणसं म्हणजे आम्हीच. शहरातला गिऱ्हाईक आज इथलं, उद्या तिथलं घेतो. शेतकऱ्याच्या घरी वर्षभराचं बेगमीचं तांदूळ स्वतःच्याच रानातलं असतं.

जपानमधल्या तोयामा भागात जिंझू नदीच्या काठी हेच घडलं. वरच्या अंगाला जस्ताची खाण होती, तिचं पाणी नदीत येत होतं आणि नदीचं पाणी भाताच्या खाचरांत. बाधितांत मुख्यतः उतारवयातल्या, अनेक बाळंतपणं झालेल्या शेतकरी बायका होत्या. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, हाडं इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीने मोडत. वेदनेने विव्हळण्यावरूनच त्या रोगाचं नाव पडलं, इताई-इताई, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. कारण कॅडमियमच आहे हे सरकारने मान्य केलं १९६८ मध्ये. त्यानंतर त्या शेतांची वरची माती बदलण्याचं काम १९७९ ते २०१२ पर्यंत चाललं. तिथे खाण होती, इथे खाण नाही, हे मला मान्य आहे. दोन्हीकडची मात्रा एकच असेल असंही मी म्हणत नाही. पण भाताचं खाचर, वरून येणारं दूषित पाणी आणि घरचाच तांदूळ खाणारी माणसं ही मांडणी आमच्या ओळखीची आहे.

भात या पिकाचा स्वभावही समजून घ्यायला हवा. खाचरात पाणी उभं असतं तेव्हा कॅडमियम मातीत बांधलेलं राहतं आणि आर्सेनिक सुटं होतं. पाणी काढून खाचर वाळवलं की उलट होतं, आर्सेनिक बांधलं जातं आणि कॅडमियम मुळांना मिळू लागतं. दाणा भरताना आपण पाणी तोडतो, म्हणजे नेमक्या त्याच वेळी कॅडमियम पिकाला मिळतं. अन्नासाठीच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार पॉलिश केलेल्या तांदळात किलोमागे ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम चालत नाही, पालेभाजीत ०.२. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांतही २०११ पासून धातूंच्या मर्यादा आहेत. मर्यादा ताटातल्या अन्नाला आहे, पण ते अन्न ज्या मातीत पिकतं तिची पत्रिका त्याबद्दल गप्प आहे.

भाज्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती बेळगावसाठी फार महत्त्वाची आहे, कारण इथली भाजी रोज पहाटे गाड्या भरून गोव्याला जाते. सगळ्या भाज्या सारखं शोषत नाहीत. पालक, लाल भाजी, मेथी, शेपू यांची पानं कॅडमियम जास्त ओढून घेतात. मुळा, गाजर, बीट, रताळी यांच्या सालीला माती लागून राहते आणि तिच्यासोबत शिसं. वांगी, टोमॅटो, भेंडी, घेवडा अशा फळभाज्यांत त्यामानाने कमी पोचतं. शिसं बरंचसं पानावर बसलेल्या धुळीतून आणि चिखलातून येतं, त्यामुळे भाजी स्वच्छ पाण्याने नीट धुतली, कंद सोलले, तर ते पुष्कळ कमी होतं. पानाच्या आत गेलेलं कॅडमियम मात्र कितीही धुतलं तरी जात नाही. त्यातही वाईट गोष्ट अशी की काही ठिकाणी भाजीच्या जुड्या बाजारात नेण्याआधी नाल्याच्याच पाण्यात बुचकळतात. हे थांबवणं आमच्या हातात आहे. महापालिकेने शिवाराच्या तोंडाशी स्वच्छ पाण्याचा एक हौद आणि नळ दिला तर ते उद्याच थांबेल.

शिशाबद्दल एकच सांगतो. मुलांच्या रक्तात शिशाचं अमुक प्रमाण सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. अशी सुरक्षित पातळी सापडलेलीच नाही. ते मेंदूच्या वाढीवर घाला घालतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. नाल्याच्या काठावर आमची पोरं खेळतात.

जिल्ह्याची माती एकसारखी नाही, म्हणून एका ठिकाणचा आकडा दुसरीकडे लावता येणार नाही. वडगाव-शहापूरची काळी, चिकट माती धातू बऱ्यापैकी धरून ठेवते. उचगाव, काकती, खानापूरकडची तांबडी माती आम्लधर्मी आहे. तिथे तेवढंच कॅडमियम पिकात जास्त जाऊ शकतं. अशा जमिनीला चुना देऊन सामू वाढवला, शेणखत-कंपोस्टने सेंद्रिय कर्ब वाढवला, जस्ताची कमतरता भरून काढली, की पिकात जाणारं कॅडमियम कमी होतं. हे उपाय महागडे नाहीत. पण सामू किती, धातू किती, हे माहीत नसताना चुना किती टाकायचा हे शेतकरी कशावरून ठरवणार?

सगळा दोष नाल्याच्या माथी मारणंही बरोबर नाही. डीएपी आणि सुपर फॉस्फेट ज्या खडकापासून बनतं, त्या खडकातच कॅडमियम असतं, आणि दर हंगामाला पोत्यातून थोडं थोडं शेतात पडतं. युरोपीय संघाने २०२२ पासून अशा खतांत स्फुरदाच्या प्रत्येक किलोमागे ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली. आपल्याकडे शहरी कचऱ्याच्या कंपोस्टला खत नियंत्रण आदेशात मर्यादा आहेत, किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसे १०० मिलिग्रॅम. तुरमुरीच्या डेपोत ज्या शहराचा कचरा जातो, त्या शहराच्या कचऱ्यापासून बनलेलं खत शेतकऱ्याला देताना या मर्यादांचा अहवाल पोत्यासोबत मिळावा. आणि निपाणी-चिकोडीच्या तंबाखू पट्ट्याकडेही पाहायला हवं. तंबाखू हे पीकच असं आहे की ते मातीतलं कॅडमियम पानात गोळा करतं. ज्यांचं आयुष्य तंबाखूच्या वखारीत, तंबाखूच्या धुळीत गेलं, त्या बायकांच्या आरोग्याचा प्रश्न वेगळ्या पत्राचा आहे, पण तो विसरलेला नाही.

हलग्याच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पासाठी शेतकऱ्यांच्या पिकाऊ जमिनी घेतल्या गेल्या, त्यावरचा वाद आपल्याला ठाऊक आहे. तो इथे उकरत नाही. पण एक गोष्ट नोंदवणं भाग आहे. घरगुती सांडपाण्याचा प्रकल्प मैला आणि जंतू कमी करण्यासाठी बांधलेला असतो. धातू तिथे नष्ट होत नाहीत. पाण्यातून निघून बरेचसे तळाच्या गाळात जाऊन बसतात. तो वाळलेला गाळ उद्या खत म्हणून आमच्याच शेतात येणार असेल, तर धातू फिरून घरी आला. म्हणून कारखान्याचं पाणी गटारात सोडण्याआधी कारखान्याच्या दारातच अडवणं आणि तपासणं याला दुसरा पर्याय नाही.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. महोदय, ही मागणी आम्ही शेतकऱ्यांनी यापूर्वी इतक्या मोठ्याने का केली नाही? भीतीपोटी. बाजारात एखादा गिऱ्हाईक जुडी हातात घेऊन विचारतो, "नाल्याच्या पाण्यावरची नव्हे ना?" आणि भाजी विकणाऱ्या आमच्या बायकांचा जीव कासावीस होतो. अहवाल वाईट आला तर वडगावची भाजी, शहापूरचा बासमती म्हटलं की लोक हात मागे घेतील. एका शेतातला आकडा सगळ्या शिवारावर चिकटेल. जमिनीचा भाव पडेल आणि मग हीच संधी साधून ती मातीमोल घ्यायला दलाल येतील. ही भीती खोटी नाही. आमच्यातलेच काही जाणते लोक मला म्हणाले की हे पत्र लिहू नकोस.

तरी लिहितो, कारण झाकून ठेवल्याने काय होतं ते इतरत्र दिसलं आहे. चीनने सगळ्या देशाच्या मातीची पाहणी केली आणि २०१३ मध्ये नागरिकांनी तिचे आकडे मागितले तेव्हा ते सरकारी गुपित आहे असं उत्तर दिलं. त्याच वर्षी ग्वांगझू शहरात तांदळात कॅडमियम सापडल्याच्या बातमीने खळबळ उडाली, आणि कोणतं भात चांगलं, कोणतं वाईट हे सांगणारा आकडाच लोकांसमोर नव्हता. २०१४ मध्ये अखेर आकडे बाहेर आले: शेतजमिनीच्या नमुन्यांपैकी १९.४ टक्के मर्यादेबाहेर. म्हणजे ऐंशी टक्के जमीन मर्यादेत होती. आकडे वेळेवर जाहीर असते तर तिथल्या शेतकऱ्याला ते सांगता आलं असतं. आपल्याच राज्यात बेंगळूरच्या बाजारातल्या भाज्यांत मर्यादेपेक्षा जास्त धातू आढळल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली. आमच्यावर ती वेळ बातमीतून येऊ नये.

त्यामुळे माझी मागणी दोन भागांची आहे आणि ते भाग वेगळे करता येणार नाहीत. तपासणी करा, आणि तपासणीत जमीन दूषित निघाली तर त्या शेतकऱ्याला आधी आधार द्या. प्रदूषण ज्याने केलं त्याने भरपाई द्यायची, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच मान्य केलेलं आहे. शेतकऱ्याने ते पाणी आपल्या शेतात बोलावलेलं नाही. ज्या पट्टीत आकडा जास्त येईल तिथे पालेभाजी बंद करून झेंडू, शेवंती अशी फुलशेती किंवा बियाण्याचं पीक घ्यायचं असेल, तर रोपं, चुना आणि पहिल्या दोन-तीन वर्षांची तूट सरकारने सोसावी. आणि ज्या शेतांचा अहवाल चांगला येईल त्यांना तसं प्रमाणपत्र द्यावं. गोव्याचा व्यापारी त्या कागदाला चार पैसे जास्त देईल, अशी माझी खात्री आहे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. केंद्राने २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. त्यांनुसार संशयित स्थळांचा सहामाही अहवाल तयार करण्याचं काम जिल्हा प्रशासनाकडे आहे, आणि पुढची प्राथमिक तपासणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत करायची आहे. बळ्ळारी नाल्याकाठचं शिवार त्या यादीत घालावं, ही विनंती. धारवाडचं कृषी विद्यापीठ दोन तासांवर आहे, शहरात आरोग्य संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथेच आहे. माणसांची कमतरता भासू नये.

तपासणी कशी व्हावी याबद्दल शेतकरी म्हणून थोडं बोलतो. नाल्याचं पाणी ऑगस्टमध्ये तपासलं तर पावसाने पातळ झालेलं असतं आणि आकडा सौम्य येतो. ते एप्रिल-मेमध्ये तपासा, जेव्हा नाला आटलेला असतो आणि आम्ही मोटार लावून तेच पाणी भाजीला देतो. मातीचा नमुना नाल्यालगत, मग शंभर पावलांवर, मग पार लांबच्या बांधावर, असा ओळीने घ्या, म्हणजे पुराचा थर कुठपर्यंत पोचला ते कळेल. गॅल्व्हनाइज्ड खोरं किंवा गंजकं पत्र्याचं घमेलं वापरू नका, नमुन्यात तोच धातू उतरतो. लाकडी, प्लॅस्टिक किंवा स्टेनलेस स्टीलचं वापरा. नुसती माती पुरेशी नाही, त्याच जागेचं भात, त्याच जागेची पालेभाजी आणि जवळच्या विहिरीचं पाणीही घ्या. नमुना घेताना शेताचा मालक हजर असावा आणि अर्धा नमुना सीलबंद करून त्याच्याकडे ठेवावा.

आणि अहवाल कन्नडसोबत मराठीतही द्यावा. या शिवारातल्या जमिनीच्या उताऱ्यांवर ज्यांची नावं आहेत, त्यांतली बहुतेक माणसं मराठी वाचतात. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. विहिरीच्या पाण्यात काय आहे हे कळायला तोवर थांबणं शक्य नाही. माझ्या बांधाला लागून कन्नड बोलणाऱ्या रयतांची शेतं आहेत, त्यांचीही हीच मागणी आहे. डिसेंबरात हलग्याला सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरतं, तेव्हा दोन्ही भाषांतल्या शेतकऱ्यांचं एकच निवेदन घेऊन आम्ही येणार आहोत.

तोवर आम्ही आमच्या पातळीवर काही ठरवलं आहे. नाल्याचा गाळ शेतात पसरायचा नाही. जुड्या विहिरीच्या पाण्यात धुवायच्या. नाल्यालगतच्या पट्टीत पालक आणि लाल भाजी घेणं थांबवून तिथे यंदा झेंडू लावायचा. सगळ्यांनी मान्य केलंय असं नाही. ज्याचं सगळं रानच नाल्याकाठी आहे त्याला हे परवडत नाही, आणि त्याला दोष द्यायची माझी छाती नाही.

भाताची सुगी नोव्हेंबरात संपते. मसुरीची पेरणी व्हायच्या आधी रान आठ-पंधरा दिवस मोकळं असतं. मातीचे पहिले नमुने घ्यायला तीच वेळ चांगली. आपल्या माणसांनी आधी एक दिवस कळवावं, आम्ही बांधावर हजर राहू.

आपला विश्वासू,
वडगाव शिवारातील एक शेतकरी